मार्सेलिसला जाऊन साबण आणला

सुट्टीत परमुलखात गेलेल्या माणसाने तिथं करायचं काय, यावर वडनेर भोलजीत दोन मतं आहेत आणि दोन्ही आमच्याच घरात नांदतात. पहिलं माझ्या मोठ्या काकूचं. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर ती तीन मैत्रिणींबरोबर फ्रान्समधल्या मार्सेलिसला जाऊन आली. पॅरिस नाही, आयफेल टॉवर नाही, सहल कंपनीची बस नाही आणि सोबत वरण-भात रांधणारा महाराजही नाही. खामगावच्या मैत्रिणीची लेक तिथल्या विद्यापीठात संशोधन करते, तिच्या भरवशावर चौघी निघाल्या. दुसरं मत धाकट्या काकांचं. कपाशी, तूर, थोडा मका असं त्यांचं शेत. मलकापूर, नांदुरा आणि खामगाव या बाजारांपलीकडे ते कामाशिवाय जात नाहीत. देवदर्शनाची गोष्ट वेगळी.

काकू परतल्यापासून दीर-भावजयीचा वाद सुरू आहे आणि तो मिटावा असं दोघांनाही वाटत नाही. त्यातला मला मोलाचा वाटला तेवढा भाग उतरवून घेतला आहे. काकू शाळेच्या सवयीने पुस्तकातलं बोलते, काका वऱ्हाडी सोडत नाहीत. ज्याचं त्याच्या तोंडी राहू दिलं आहे.

भाऊजी : मले एवढं सांगा वहिनी, इतके पैसे लावून तुमी समुद्रापार गेल्या अन् आणलं काय? साबण.

वहिनी : साबण, बिस्किटं आणि कापड.

भाऊजी : कापड! कपाशीच्या वावरातून उठून फ्रान्साले कापड घ्याले गेल्या. बरं, सावरकरायनं जथी उडी मारली ते जागा तरी पाह्यली का नाई?

वहिनी : पाहिली ना. साबण तिथंच घेतला.

हे ऐकून काका खरोखर दुखावले. सावरकरांची उडी हा त्यांचा पाठ असलेला विषय आहे. तारीख ८ जुलै १९१०, बोटीचं नाव मोरिया, न्हाणीघराच्या गोल खिडकीतून अंग काढून समुद्रात झेप, किनाऱ्यावर पोचल्यावर फ्रेंच शिपायाने धरून पुन्हा इंग्रज पोलिसांच्या हवाली करणं, मग त्यावरून दोन सरकारांचं हेगच्या लवादापुढे उभं राहणं आणि २४ फेब्रुवारी १९११ चा निकाल, की चूक झाली असली तरी कैदी परत करायची इंग्रजांवर सक्ती नाही. एवढं सगळं ते एका दमात सांगतात. मार्सेलिस हे गाव त्यांच्या लेखी त्या एका सकाळीपुरतंच आहे.

भाऊजी : एका माणसापाई दोन राज्यं कोर्टात गेली, अन् तुमी तथी साबण घेतला.

वहिनी : आधी जागा कुठली ते ऐका. आपली माणसं जुन्या बंदरावर फोटो काढतात. ते सुंदर आहे, पण १९१० साली मोठ्या आगबोटी तिथं लागत नव्हत्या. १९व्या शतकाच्या मध्याला उत्तरेकडे जोलिएत नावाची नवी गोदी बांधली आणि बोटी तिकडे गेल्या. त्या गोदीला लागून एक वखार आहे, ३६५ मीटर लांब. भाऊजी, एका टोकाला उभं राहिलं की दुसऱ्या टोकाचा माणूस ओळखू येत नाही. सगळ्या जगाचा माल त्यात उतरायचा. आता आत कचेऱ्या आहेत आणि खाली दुकानं. मी धक्क्याच्या बाजूला हात जोडले आणि मग आत गेले.

भाऊजी : म्हंजे यात्रा अन् बाजार एकच करून टाकला.

वहिनी : तुम्ही शेगावला जाता तेव्हा कचोरी आणत नाही?

भाऊजी : ते घरच्यायसाठी असते.

वहिनी : साबणही घरच्यांसाठीच आहे. तुमच्या न्हाणीत ठेवलाय.

इथं मी काकूच्या बाजूने एक शब्द टाकतो. आपल्याकडे यात्रा आणि बाजार कधीच वेगळे नव्हते. देवाच्या नावाने माणसं जमायची आणि तिथंच बैल, घोंगड्या, भांडी, बांगड्या विकल्या जायच्या. परदेशात गेल्यावरच आपल्याला एकदम शुचिर्भूत व्हायची हुक्की का येते कोण जाणे.

पण काकांचा मुद्दा कचोरीने संपणारा नव्हता.

भाऊजी : पाह्याचं म्हंजे पाह्याचं. देऊळ, किल्ला, संग्रहालय. घरी आल्यावर सांगता आलं पायजे. तुमच्या त्या गावात काई हाय का नाई तसं?

वहिनी : आहे ना. टेकडीवर मेरीमातेचं मोठं देऊळ आहे, १८६४ चं. मनोऱ्यावर सोन्याचा मुलामा दिलेली मूर्ती, अकरा मीटर उंच. गावात कुठूनही दिसते.

भाऊजी : अकरा मीटर? आपला नांदुऱ्याचा मारुती एकशे पाच फूट हाय. रोडवर हाय, व्हिसा लागत नाई.

वहिनी : उंचीचं राहू द्या. आत मान वर केली की छतापासून लहान लहान जहाजं टांगलेली दिसतात. लाकडाची, शिडांसकट. वादळातून सुटलेल्या खलाशांनी नवस फेडलेले. भिंतींवर संगमरवराच्या पाट्या, ज्याच्या त्याच्या आभाराच्या.

भाऊजी : हे बरं सांगतलं. हे पाह्याले माणूस जाईन.

वहिनी : आम्हीही गेलो. एक सकाळ. दुसऱ्या सकाळी शातो दिफच्या किल्ल्याला जायचं होतं, ड्यूमाच्या माँटे क्रिस्टोला जिथं कोंडलं तो. पण मिस्ट्रल सुटला. उत्तरेकडून येणारा कोरडा वारा आहे तो. तो सुटला की किल्ल्याच्या होड्या बंद. मग आम्ही जुन्या बंदरावरच्या मासळीबाजारात गेलो आणि खरं सांगू, त्या दिवशी मला ते गाव कळायला लागलं.

तो बाजार तिने माझ्यापुढे इतक्या वेळा उभा केला आहे की मी न जाता सांगू शकतो. धक्क्याच्या टोकाला २०१३ साली नॉर्मन फॉस्टर या वास्तुकाराने एक छप्पर उभारलं. भिंती नाहीत, नुसते बारीक खांब आणि वर आरशासारखं घासलेलं पोलाद. खाली उभं राहून वर पाहिलं की सगळा बाजार उलटा टांगलेला दिसतो. चौघींनी वर पाहिलं तेव्हा चार पातळं, पातळांखाली चार बुटांच्या जोड्या आणि शेजारी निळ्या ट्रेमध्ये तडफडणारे मासे, असं सगळं डोक्यावर लटकत होतं. मलकापूरच्या मैत्रिणीने, जी कांदासुद्धा चातुर्मासात सोडते, नाकाला पदर लावला होता. तो पदरही वर उलटा दिसत होता. कोळीण काहीतरी ओरडली, तिच्या नवऱ्याने मासा शेपटीला धरून तराजूत टाकला आणि पाट्यांवरचे भाव पुसून नवे लिहिले, कारण दुपार जवळ आली होती.

भाऊजी : भाव उतरवले?

वहिनी : उतरवले.

भाऊजी : सगळीकडं एकच हाय मंग.

मासे खाणाऱ्या दोघींनी बुयाबेस खाल्लं, मार्सेलिसचं नावाजलेलं मासळीचं जेवण. ते खाण्यात शिस्त आहे. आधी नुसता रस्सा येतो, भाजलेल्या पावाच्या चकत्या आणि लसूण-केशराची लालसर चटणी घेऊन. मासे नंतर वेगळ्या ताटात येतात आणि ते तुमच्यासमोर सोलून देतात. भेसळ फार झाली म्हणून तिथल्या काही खाणावळवाल्यांनी १९८० मध्ये एकत्र येऊन त्याची सनद केली, अमुक जातींपैकी निदान चार मासे हवेतच म्हणून. काकांना ही सनद फार आवडली. रस्सा आधी आणि मासा नंतर, हे मात्र पटलं नाही.

शाकाहारी दोघींचे पहिले दिवस कठीण गेले. दुपारी तीनला जेवायला गेल्या तर चूल बंद. तिथं साधारण बारा ते दोन जेवण, मग रात्री साडेसातनंतर. मधल्या वेळी खुर्चीवर बसू देतात, कॉफी देतात, शिजवून देत नाहीत. दुकानात शिरताना आधी ‘बोंजूर’ म्हणायचं, न म्हणता किंमत विचारली की विकणारी बाई ऐकू न आल्यासारखं करते. पाणी बाटलीचं मागितलं तर पैसे, साध्या सुरईतलं मागितलं तर फुकट. या गोष्टी तिथल्या कुठल्याही देवळाइतक्याच पाहण्यासारख्या आहेत, असं काकूचं म्हणणं, आणि पातोडीची गोष्ट तिथूनच निघाली.

वहिनी : बंदरातून होडीने लेस्ताकला गेलो. मार्सेलिसचंच एक टोक, पूर्वी कोळ्यांचं गाव. सेझान तिथं राहून चित्रं काढायचा. समुद्राच्या कडेला टपऱ्या आहेत आणि टपऱ्यांवर पानिस मिळतं. हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ, थोडं तेल. घोटून घोटून शिजवतात, गोळा आला की लांब वळून थंड करतात, मग चकत्या कापून तळतात. कागदाच्या शंकूत डझनावर देतात. मी पहिला घास घेतला आणि मलकापूरच्या बाईंकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे.

भाऊजी : पातोडी.

वहिनी : अगदी पातोडी. थापायच्या ऐवजी वळलेली, एवढाच फरक.

भाऊजी : मंग झालं ना वहिनी! हेच तर मी सांगून राह्यलो. पातोडी आपली. कापडाचं सांगतलं तुमी, ते बी आपलंच निघालं. नवस बी आपल्यावाणीच. एवढं विमानाचं भाडं भरून माणसानं घरचंच पाहून याचं, तर जाचं कायले?

हा प्रश्न बिनतोड आहे. परदेशातून आलेल्या बहुतेक मराठी माणसांची वर्णनं मी ऐकतो तेव्हा हाच प्रश्न माझ्याही मनात येतो. लंडनला वडापाव सापडला, पॅरिसला गणपतीचं देऊळ सापडलं, स्वित्झर्लंडला पोहे मिळाले. सापडतं ते सगळं आपलंच. काकूही त्याच वाटेने चालली आहे की काय, अशी मला शंका आली.

वहिनी : पातोडीला तुम्ही काय घालता?

भाऊजी : जिरं, ओवा, लसूण, मिरची, हळद, कोथिंबीर. अन् वरून रस्सा.

वहिनी : त्यात यातलं काही नसतं. मीठ आणि मिऱ्याची पूड. पहिल्या घासाला वाटलं हिला काही चवच नाही. पाचव्या-सहाव्याला हरभऱ्याची चव लागली. नुसत्या हरभऱ्याची. भाऊजी, आपल्या वावरात हरभरा होतो, आयुष्यभर मी बेसन शिजवते, पण मसाल्याशिवाय हरभरा कसा लागतो ते मला ठाऊक नव्हतं. ते घरचं नव्हतं. ते त्यांचं होतं.

काका गप्प राहिले, पण पटल्यामुळे नाही. त्यांना कापडावर यायचं होतं.

कापडाची हकिगत अशी. एका दुकानात काकूने बारीक फुलाफुलांचं सुती कापड पाहिलं, लाल जमिनीवर निळी-पिवळी बुट्टी, आपल्या जुन्या छिटाच्या परकरासारखं. दुकानात त्या जातीच्या कापडाला ‘अँदियेन’ म्हणतात. १७व्या शतकात आपल्या किनाऱ्यांवरून छापील सुती कापड मार्सेलिसला उतरू लागलं. धुतलं तरी रंग जाईना, म्हणून सगळा फ्रान्स त्याच्यामागे लागला. लोकर आणि रेशीमवाल्या कारागिरांनी ओरड केली आणि १६८६ मध्ये १४व्या लुईच्या सरकारने ते आणायला आणि देशात छापायलाही बंदी केली. ती बंदी १७५९ पर्यंत टिकली. चोरट्या व्यापारात सापडलेल्यांना वल्ह्यांच्या लढाऊ गलबतांवर जुंपण्याच्या शिक्षा होत्या. लोक तरी घालतच राहिले. दरम्यान, रंग पक्का कसा बसतो हे कोरोमंडल किनाऱ्यावरच्या कारागिरांना विचारून केर्दू नावाच्या जेझुइट पाद्र्याने १७४२ मध्ये सविस्तर लिहून पाठवलं. तुरटी कधी, हिरड्याचं पाणी कधी, सगळं.

भाऊजी : म्हंजे चोरलं.

वहिनी : विचारून घेतलं.

भाऊजी : कारागिराले पैसे देल्ले का?

वहिनी : ते पत्रात नाही.

भाऊजी : मंग चोरलं. अन् पुढचं मी सांगतो. अमेरिकेत यादवी झाली तवा विलायतेच्या गिरण्यायले कापूस भेटेना, त्यायले वऱ्हाड आठवलं. १८६७ ले नागपूरपावतो रेल्वे आणली. १८७० ले जलंबहून खामगावले फाटा काढला, सोता लॉर्ड मेयो आला व्हता उद्घाटनाले. तो का आपल्यासाठी? कापसासाठी. कापूस गेला, कापड होऊन वापस आलं, आपल्या कोष्ट्यायचे माग बंद पडले. अन् आज बी आपल्या घरची बाई तथी जाऊन कापडच घेऊन राह्यली!

वहिनी : ती विलायतेची गोष्ट, शंभर वर्षांनंतरची. मी सांगते ती आधीची. ज्या कापडापायी त्यांच्या राजाला कायदा करावा लागला, ते आपल्या माणसाने केलेलं होतं, हे मला पुस्तकातून कळलं नाही. पाचवी-सहावीला इतिहास शिकवला मी, त्यात गोऱ्यांनी आपलं कापड बुडवलं एवढंच होतं. आपल्या कापडाने त्यांना घाम फोडला होता, हे मला त्या दुकानात कळलं. संग्रहालयातली वस्तू मी पाहिली असती आणि पुढे गेले असते. ही विकत घ्यायची होती, म्हणून चार प्रश्न विचारले.

माझ्या मते काकूचं सगळं म्हणणं या शेवटच्या वाक्यात आहे. पाहणारा माणूस पुढे सरकतो. पैसे मोजणारा थांबतो, हात लावतो, कुठलं, कशाचं, कोणी केलं हे विचारतो. चौघी मैत्रिणी असल्या की आणखी बरं, कारण एकीला पटलं तरी तिघी शंका काढतात.

काकांनी मग ते कापड मागवलं. उजेडात धरलं. कडेचा एक धागा ओढून काढला, चिमटीत घेऊन उलट्या पिळाने उकलला आणि तंतू सुटे झाल्यावर दोन्ही अंगठ्यांच्या नखांमध्ये ताणून पाहिले, जिनिंगमध्ये रुई पाहतात तसे.

भाऊजी : लांब धाग्याचा हाय. आपल्या इकडचा नसन. चिठ्ठीवर काय लिवलं?

वहिनी : फ्रान्समध्ये छापलं, एवढंच. कापूस कुठला ते लिहिलेलं नाही.

भाऊजी : ते कोणीच लिवत नाई.

साबणावर मात्र दोघांचं अनपेक्षित एकमत झालं. १६८८ च्या एका फर्मानाने मार्सेलिसच्या साबणात ऑलिव्हच्या तेलाशिवाय दुसरी चरबी घालायला मनाई झाली होती. अस्सल वडी चौकोनी, ओबडधोबड, हिरवट किंवा पांढरट, सुगंध नसलेली, अंगावर ७२ टक्क्यांचा शिक्का. जुन्या रीतीने कढई चढवणारे कारखाने आता बोटांवर मोजण्याएवढे उरले आहेत. पण नावाला कायद्याचं कुंपण नसल्यामुळे कुठेही केलेली गुलाबी, जांभळी, लॅव्हेंडरच्या वासाची वडी त्याच नावाने खपते आणि प्रवासी तीच उचलतात.

भाऊजी : जळगावच्या भरिताच्या वांग्याले २०१६ ले जीआय भेटलं, अन् यायले साबणाचं जमलं नाई?

वहिनी : आम्ही हिरवीच घेतली.

भाऊजी : माह्याच बाथरूममदी हाय, पाह्यली म्या. वास नाई, म्हणून वाटलं सोडा हाय.

करपरतीची गोष्ट ऐकून काका आणखी सैल झाले. युरोपीय संघाबाहेरच्या प्रवाशाने एकाच दुकानात १०० युरोंहून जास्त खरेदी केली तर विक्रीकराचा काही भाग परत मिळतो. दुकानदार कागद देतो, विमानतळावरच्या यंत्रापुढे धरायचा. सरकार स्वतःहून पैसे परत देतं यावर त्यांचा विश्वास बसेना. चौघींनी खरेदी एकीच्या नावावर केली का, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. केली नव्हती. प्रत्येकीने वेगळी केली आणि कोणाचीच शंभराला पोचली नाही. बाजारात आयुष्य काढलेल्या माणसाला हे फार लागलं.

मग वाद आणखी एका वळणाला गेला, आणि ते मला सर्वांत खरं वाटतं.

भाऊजी : बरं, मैत्रिणींसंगं जाचं व्हतं ना? मंग शेगावची पायी दिंडी काय वाईट? चार बाया, गाणं, भजन, रस्त्यानं चाला. पैसा नाई लागत.

वहिनी : दिंडीत मी गेले आहे. मुक्कामी स्वयंपाक कोण करतं?

भाऊजी : बाया.

वहिनी : भांडी?

भाऊजी : आता सगळं माणसायनं कराचं म्हणता?

वहिनी : मी काही म्हणत नाही. मार्सेलिसला सकाळी उठल्यावर कोणाला काय हवं हे मला ठरवायचं नव्हतं. पाव आणायचा, टोमॅटो कापायचा, जुन्या बंदरावर बसायचं. तिथं म्हातारी माणसं मातीवर लोखंडी गोळे फेकून खेळतात, पेतांक म्हणतात. आम्ही चौघी बाकावर बसून निकालाची पैज लावायचो. बुलढाण्याच्या बाई रोज हरायच्या. भाऊजी, हे घरी येऊन सांगण्यासारखं नाही, हे तुमचं खरं आहे. पण मला विचारलं की तू तिथं काय केलंस, तर मी आधी हेच सांगेन.

काकांनी सुपारी कातरून घेतली. दिंडीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

भाऊजी : पुढच्या खेपेले हिले घेऊन जा संगं.

वहिनी : तिला मी विचारलं होतं. म्हणाली, ह्यांच्या भाकरी कोण टाकणार?

भाऊजी : मी का लेकरू हाय?

वहिनी : मग पासपोर्ट काढा तिचा. व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीच करता येतो, पण बोटांचे ठसे द्यायला तिला स्वतः जावं लागेल.

भाऊजी : मे महिन्यात नोको. वखरणं असते.

वहिनी : वखरणं तुम्ही करता की ती?

भाऊजी : पाहू मंग. उद्या तर जमत नाई, उद्या मी खामगावले तूर घेऊन चाललो.

वहिनी : गाडीत जागा असेल ना? तिलाही न्या. पासपोर्टचा फोटो खामगावातच काढून घ्या.